एचडीचे पैसे भरताय, पण बॉक्समधून एचडी बाहेर पडतंय का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे आपल्या पत्रांच्या पानावर एका वाचकाने लिहिलं होतं की एचडी पॅक घेतला, महिन्याचे पैसे वाढले आणि चित्रात काडीचाही फरक पडला नाही, सगळी लूट आहे. त्यांचा राग मला पटतो पण निष्कर्ष पटत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. मी मिरजेत डिश आणि टीव्ही बसवायचं, दुरुस्तीचं काम करतो. ही तक्रार घेऊन लोक बोलावतात तेव्हा बहुतेक घरांत सिग्नल चांगला असतो, सेटटॉप बॉक्स धड असतो, टीव्ही तर नवाकोराच असतो, आणि गडबड असते ती बॉक्स आणि टीव्ही या दोघांच्या मध्ये. एकतर वायर चुकीची नाहीतर बॉक्सच्या मेनूतलं आऊटपुट रिझोल्यूशनचं, म्हणजे बॉक्सने टीव्हीला किती बारकाव्याचं चित्र पाठवायचं त्याचं सेटिंग, जे बॉक्स बसवल्या दिवसापासून कुणी उघडूनच बघितलेलं नसतं.

आधी वायरचं सांगतो कारण ते पटकन होणारं आहे. बॉक्सच्या मागे पिवळी, लाल, पांढरी अशी तीन पिनांची वायर असते ना, त्यातल्या पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही. कितीही भारी बॉक्स घ्या, कितीही महागाचा पॅक घ्या, पिवळ्या पिनेतून जास्तीत जास्त जुन्या टीव्हीच्या दर्जाचंच चित्र जाणार. तरीही ५० हजाराचा टीव्ही भिंतीवर आणि बॉक्स पिवळ्या पिनेवर अशी घरं अजूनही सापडतात, कारण जुनी वायर आधीच लावलेली होती, बॉक्स बदलणाऱ्याने तीच परत खोचली आणि चित्र आलं म्हटल्यावर कुणी काही बोललं नाही. एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी चपट्या तोंडाची वायर लावा, आणि साध्यातली चांगली लावा, सोन्याचा मुलामा दिलेली हजार-दोन हजाराची वायर घेऊन एचडी चॅनलच्या चित्रात काही भर पडत नाही, ते दुकानदाराने कितीही सांगितलं तरी.

दुसरी गोष्ट इतकी साधी आहे की सांगताना बरं वाटत नाही पण सांगायलाच पाहिजे. पॅक एचडी असला तरी बऱ्याच बॉक्समध्ये एसडी, म्हणजे जुन्या साध्या दर्जाचं चॅनल आणि त्याच चॅनलचं एचडी यांचे नंबर वेगवेगळे असतात. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या सगळ्यांची एचडी चॅनल आहेत पण घरातल्या माणसांच्या बोटाला जुना नंबर पाठ असतो, विशेषतः आजी-आजोबांच्या, आणि मग पैसे एचडीचे जातात आणि रोज संध्याकाळी मालिका एसडीच बघितली जाते. आज रात्री मालिका लागली की चॅनलच्या नावात एचडी लिहिलंय का एवढं बघा, आणि फेव्हरिट लिस्टमध्ये एचडीचाच नंबर टाकून द्या म्हणजे परत चुकणार नाही.

आता मुख्य मुद्दा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये गेलात की व्हिडिओ किंवा डिस्प्ले नावाखाली आऊटपुट रिझोल्यूशन असतं आणि तिथे ५७६आय, ५७६पी, ७२०पी, १०८०आय, १०८०पी असे पर्याय दिसतात, काही बॉक्समध्ये ऑटोही असतं. हे आकडे म्हणजे चित्रातल्या आडव्या ओळी. आपल्याकडे पहिल्यापासून ६२५ ओळींची पद्धत होती, त्यातल्या प्रत्यक्ष दिसणाऱ्या ५७६, म्हणून एसडी म्हणजे ५७६. एसडीचं चित्र ७२० बाय ५७६ म्हणजे सव्वाचार लाखाच्या आतबाहेर ठिपके, ७२०पी म्हणजे १२८० बाय ७२०, साधारण सव्वानऊ लाख, आणि १०८० म्हणजे १९२० बाय १०८०, पावणेएकवीस लाखांच्या जवळपास. म्हणजे बॉक्स ५७६ वर राहिला असेल तर एचडी चॅनलच्या पाच भागांतले चार भाग बॉक्समध्येच टाकून दिले जातात आणि उरलेला एक टीव्हीला मिळतो, तो बिचारा टीव्ही मग तेच ताणून मोठ्या पडद्यावर पसरवतो. त्या वाचकाला फरक का दिसला नाही याचं उत्तर बहुधा इथेच असेल.

मग कुठला आकडा ठेवायचा? आपल्याकडची एचडी चॅनल साधारण १०८०आय ५० या पद्धतीने येतात. यातला आय म्हणजे पूर्ण चित्र एकदम येत नाही, आधी एक-तीन-पाच अशा विषम ओळी येतात मग दोन-चार-सहा अशा सम ओळी, सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं. ही अर्धी चित्रं जुळवून पूर्ण चित्र करायचं काम कुणीतरी करावंच लागतं, बॉक्सने करा नाहीतर टीव्हीने करा. आणि माझं ठाम मत असं आहे की ते टीव्हीला करू द्यावं, कारण टीव्हीतली चिप मुळात चित्रासाठीच बनवलेली असते आणि स्वस्तातल्या बॉक्सची चिप सिग्नल सोडवणं, कार्ड तपासणं, रेकॉर्डिंग, मेनू अशी सगळी कामं एकटी करत असते. म्हणून केबल किंवा डिशच्या बॉक्सला १०८०आय हेच सेटिंग द्यावं, म्हणजे जसं आलं तसं, हात न लावता, टीव्हीच्या हवाली.

इथे लोक हमखास म्हणतात की अहो पण १०८०पी चांगलं ना, पी म्हणजे पूर्ण. पी चांगलं हे खरं पण तिथे मूळ चित्रच पी असलं पाहिजे. आय आलेल्या चित्राला बॉक्सने पी केलं तर ते जुळवणीचं काम बॉक्सने केलं इतकाच त्याचा अर्थ, ओळी काही वाढत नाहीत. काही चांगल्या बॉक्समध्ये ही जुळवणी छान होते आणि मग १०८०पी ठेवायला काहीच हरकत नाही, पण ते बघून ठरवा. बघायची पद्धत सोपी आहे, न्यूज चॅनल लावा आणि खालून सरकणारी बातम्यांची पट्टी बघत बसा, अक्षरं सरळ सरकतात का, कडांना बारीक आडव्या रेघा सुटतात का, मध्येच गचका बसतो का. मग सेटिंग बदलून तीच पट्टी परत बघा. क्रिकेट चालू असेल तर आणखी चांगलं, कॅमेरा बाउंड्रीकडे पळणाऱ्या चेंडूमागे वळतो तेव्हा जाहिरातींच्या बोर्डवरची अक्षरं वाचता येतात का बघा, ज्या सेटिंगला जास्त वाचता येतील ते ठेवा. यासाठी कुठलं मशीन लागत नाही की माणूस बोलवावा लागत नाही.

आता ३२ इंची टीव्हीवाल्यांसाठी, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त तेच आहेत आणि सगळ्यात जास्त चुकीचा सल्लाही त्यांनाच मिळतो. या टीव्हीवर एचडी रेडी लिहिलेलं असतं आणि त्याचा पॅनल बहुतेक वेळा १३६६ बाय ७६८ चा असतो. मग बसवणारा म्हणतो तुमचा टीव्ही काय फुल एचडी नाही, ७२० वरच ठेवा. ऐकायला बरोबर वाटतं पण हिशोब करून बघा, चॅनल आलं १०८० चं, बॉक्सने ते खाली आणून ७२० केलं, आणि टीव्हीने ते परत ताणून ७६८ केलं. म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं झालं, प्रत्येक वेळी अक्षर थोडं फुटतं. त्यापेक्षा १०८०आय थेट टीव्हीला द्या, तो एकाच फेरीत १०८० वरून ७६८ वर येईल, एक फेरी वाचली. एचडी रेडी टीव्ही १०८०आय घेतोच, घाबरायचं कारण नाही. ऑटोवर ठेवलं की बॉक्स टीव्हीला विचारतो आणि टीव्ही सांगेल ते घेतो, आणि असे टीव्ही पुष्कळदा ७२० सांगतात, म्हणून ऑटोवर विसंबू नका, आपल्या हाताने निवडा. एखाद्या टीव्हीची जुळवणी अगदीच सुमार असते, मग तिथे ७२०पी जास्त स्वच्छ दिसू शकतं, तेव्हा शेवटचा शब्द त्या पट्टीचा, माझा नाही.

एक प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. ३२ इंची टीव्ही दहा फुटांवरून बघत असाल तर ७२० आणि १०८० मधला बारकाव्याचा फरक चांगल्या नजरेच्या माणसालाही ओळखता येणार नाही, ठिपके इतके बारीक होतात की डोळा ते वेगळे करू शकत नाही. ३२ इंचावर १०८० चा पूर्ण बारकावा दिसायला साधारण चार फुटांवर बसावं लागेल आणि ४३ इंचावर साडेपाच फुटांवर, असं आपल्याकडे हॉलमध्ये कुणी बसत नाही. मग एवढा आटापिटा कशाला असं कुणी म्हणेल. तर आटापिटा यासाठी की चुकीच्या सेटिंगने नुसता बारकावा जात नाही, हालचाल बिघडते, माणसांची तोंडं पसरट होतात, आणि हे दहा काय पंधरा फुटांवरूनही दिसतं, फक्त लोकांना वाटतं की चॅनलच असं आहे.

हालचालीवरून हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं याचा मुद्दा येतो आणि माझ्या मते रिझोल्यूशनपेक्षाही इथे जास्त घरं चुकतात. आपल्याकडची वीज ५० सायकलची, टीव्हीची पद्धतही पहिल्यापासून ५० ची, अमेरिकेत दोन्ही ६० चं. आता आपली पोरं यूट्यूबवर बेस्ट टीव्ही सेटिंग शोधतात, समोर अमेरिकेतला व्हिडिओ येतो, तो सांगतो ६० हर्ट्झ ठेवा, आणि त्याच्यासाठी ते बरोबरच असतं, पण इथे आपल्या चॅनलला ते लागू पडत नाही. सेकंदाला ५० चित्रं येतात आणि बॉक्सला ६० पाठवायला सांगितलं की उरलेल्या १० जागा भरायला तो दर पाचातलं एक चित्र दोनदा दाखवतो, म्हणजे सेकंदाला दहा वेळा बारीक अडखळणं. बोलणारा माणूस असेल तर कळत नाही पण बॉल, पळणारा खेळाडू, सरकती पट्टी, मालिकेत कॅमेरा सावकाश फिरतो तो शॉट, इथे लगेच कळतं. केबलच्या काही बॉक्समध्ये १०८०आय ५० आणि १०८०आय ६० असे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी असतात आणि माणूस मोठा आकडा चांगला समजून ६० निवडतो. ५० निवडा. इथे मोठ्या आकड्याने काम बिघडतं.

टीव्हीला खोचायची इंटरनेटची स्टिक आणि ॲपवाले बॉक्स यांचं थोडं वेगळं आहे, ते बहुतेक करून ६० वरच सुरू होतात, आणि त्यात सिनेमा असतो २४ चा, आपल्याकडची पुष्कळशी वेब सिरीज २४ किंवा २५ ची, लाइव्ह मॅच ५० ची किंवा २५ ची. २५ चित्रं ६० मध्ये समान बसतच नाहीत, काही दोनदा दाखवावी लागतात काही तीनदा, म्हणून कॅमेरा फिरला की चित्र हिसके देतं आणि आपण इंटरनेटला शिव्या घालतो. यासाठी मूळ चित्राच्या वेगाप्रमाणे हर्ट्झ बदलणारं सेटिंग दिलेलं आहे, फायर टीव्ही स्टिकमध्ये डिस्प्लेच्या मेनूत मॅच ओरिजिनल फ्रेम रेट, ॲपल टीव्हीत मॅच कंटेंटमध्ये, गूगल टीव्ही-अँड्रॉइड टीव्हीवाल्या नव्या बॉक्समध्ये मॅच कंटेंट फ्रेम रेट. ते चालू करा. सगळी ॲप ते ऐकत नाहीत हे खरं आहे आणि जी ऐकत नाहीत त्यांच्याबद्दल ग्राहकांनी तक्रार केली पाहिजे. लाइव्ह मॅचपुरतं मात्र हाताने ५० हर्ट्झ केलं तरी चालतं, मॅच ५० किंवा २५ ची आली की दोन्ही त्यात नीट बसतात.

फोर के टीव्ही घेतलेल्यांचा प्रश्न उलटा असतो. पडदा ३८४० बाय २१६०, त्र्याऐंशी लाखांच्या आसपास ठिपके, आणि चॅनल १०८० चं. बॉक्समध्ये फोर के आऊटपुटचा पर्याय असला तरी नेहमीच्या एचडी चॅनलसाठी मी तो देत नाही, कारण बॉक्सने ताणलं काय आणि टीव्हीने ताणलं काय, मूळ माल तेवढाच, आणि चांगल्या कंपनीचा फोर के टीव्ही ताणण्याचं काम बॉक्सपेक्षा नक्की चांगलं करतो. स्टिकला मात्र फोर के द्या कारण तिथे खरोखर फोर के माल येतो, २०२३ ची आयपीएल जिओ सिनेमावर फोर के मध्ये दाखवली होती. फक्त तेव्हा टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेत स्टिक आहे तिचं सेटिंग टीव्हीच्या मेनूतून वाढवून घ्यावं लागतं, नाहीतर काही टीव्हींत फोर के येतं पण कमी रंगांत किंवा ३० हर्ट्झवर.

पसरट तोंडांचं राहिलं. जुना कार्यक्रम, जुना मराठी सिनेमा ४:३ मापाचा असतो, जवळपास चौकोनी, आणि बॉक्स किंवा टीव्ही फुल किंवा स्ट्रेचवर असला की तो आडवा ताणून पडदा भरतो, मग नायिका जाडी आणि गोल टेबल लंबगोल. लोकांना बाजूच्या काळ्या पट्ट्या नको असतात, पैसे पूर्ण पडद्याचे दिलेत असं म्हणतात, पण ज्यांनी तो सिनेमा घेतला त्यांनी चेहरे तसे घेतले नव्हते हो. बॉक्समध्ये ॲस्पेक्ट रेशो, म्हणजे चित्राचं रुंदी-उंचीचं माप, ओरिजिनल किंवा पिलरबॉक्स ठेवा, टीव्हीत १६:९ ठेवा, आणि झूम कुठेच नको. उलट बाजूने टीव्ही स्वतःच चित्राच्या कडा कापतो तेही बंद करा, हे ट्यूबच्या टीव्हीच्या काळापासून चालत आलेलं आहे आणि एलईडीवर त्याची काहीच गरज नाही. कडा न कापण्याचं सेटिंग एलजीमध्ये जस्ट स्कॅन, सॅमसंगमध्ये फिट टू स्क्रीन, सोनीमध्ये फुल पिक्सेल अशा नावांनी असतं. हे चालू केलं नाही तर टीव्ही कडा कापून उरलेलं चित्र परत ताणतो, म्हणजे वर एवढं सांभाळून आणलेलं १०८० इथे बिघडतं, आणि मॅचचा स्कोअर कोपऱ्यात अर्धा कापला जातो ते वेगळंच. व्हिविड किंवा डायनॅमिक मोड काढून स्टँडर्ड नाहीतर सिनेमा करा, शार्पनेस कमी करा, याच्यावर जास्त लिहीत नाही, दोन दिवस बघा म्हणजे डोळ्याला सवय होईल.

सेटिंगने काय होणार नाही तेही सांगतो नाहीतर उद्या मलाच फोन येतील. एसडी चॅनल १०८० वर टाकून एचडी होत नाही. कंपनीने एकाच जागेत जास्त चॅनल कोंबले, प्रत्येकाच्या वाट्याला डेटा कमी आला, तर पाऊस, धूर, गर्दी, पाणी अशा शॉटमध्ये चौकोन चौकोन फुटणारच, तिथे कुठलंच सेटिंग चालत नाही आणि तिथे मात्र त्या वाचकाचा राग शंभर टक्के रास्त आहे. डीडी फ्री डिशवाल्यांना महिन्याचं भाडं नाही, पण तिथे जवळजवळ सगळी चॅनल एसडीच आहेत, तिथे ५७६ आणि १०८०आय दोन्ही लावून बघा आणि जे बरं दिसेल ते ठेवा, स्वस्त बॉक्सचं ताणणं आणि टीव्हीचं ताणणं यात टीव्ही बहुतेक जिंकतो.

आता माझं म्हणणं कुणाकडे आहे ते सांगतो. हे सगळं ग्राहकाने का शिकावं? एखादी शिक्षिका शाळेतून घरी येते, टीव्ही लावते, तिने इंटरलेस म्हणजे काय, १०८०आय मधला तो आय काय, हे का शिकायचं? हे काम बसवणाऱ्याचं आहे, आणि मी स्वतः या धंद्यातला म्हणून सांगतो की त्याला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. पण आमच्या लायनीत पोरांना दिवसाला अमुक इतकी कनेक्शनं करा असं सांगितलेलं असतं, चित्र दिसलं, ग्राहकाचा ओटीपी घेतला, पुढच्या घरी. त्या पोरांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना कुणी शिकवलंच नाही आणि सेटिंगचे पैसेही कुणी देत नाही. डीटीएच कंपन्यांनी आणि केबलवाल्यांनी ओटीपी घेण्याआधीच्या कामांत वायर एचडीएमआय आहे, आऊटपुट १०८०आय ५० आहे, ॲस्पेक्ट ओरिजिनल आहे एवढं घालावं आणि ग्राहकासमोर दाखवावं. बॉक्स कारखान्यातून निघतानाच १०८०आय ५० वर निघावा. ज्या बॉक्सला जमेल त्यात जसं येईल तसं पाठव असा पर्याय द्यावा म्हणजे एसडी आलं तर एसडी, एचडी आलं तर एचडी, सगळं टीव्हीच बघून घेईल. आणि मेनू मराठीत द्या, बॉक्समध्ये मराठी चॅनल चालतात, मराठी माणसाकडून महिन्याला पैसे घेता, मग आऊटपुट रिझोल्यूशन म्हणजे काय हे दोन ओळींत मराठीत लिहायला अडचण काय आहे? सॉफ्टवेअर अपडेटनंतर किंवा फॅक्टरी रीसेट केल्यावर काही बॉक्सचं सेटिंग परत पहिल्यासारखं होतं, ते झालं तर पडद्यावर तसं सांगा.

दुकानदारांनाही एक विनंती, शोरूममधल्या टीव्हीवर पेन ड्राइव्हमधला फुलांचा आणि पक्ष्यांचा फोर के व्हिडिओ लावून टीव्ही विकू नका, शेजारी एक साधा सेटटॉप बॉक्स ठेवा आणि ग्राहकाला त्याचं रोजचं चॅनल त्या टीव्हीवर दाखवा, घरी गेल्यावर त्याला तेच बघायचं आहे.

संपादकसाहेब, आपल्या पेपरात गॅजेटचं पान येतं, त्यावर नव्या टीव्हीच्या किमती येतात, तिथे एकदा जागा काढून वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॉक्समध्ये हे सेटिंग कुठल्या मेनूत सापडतं ते फोटोसकट छापा. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात छापलं तर लोक कापून टीव्हीच्या मागे चिकटवतील. आणि ज्या वाचकाने ते पत्र लिहिलं होतं त्यांना माझा निरोप, आधी पिवळी पिन तपासा, मग चॅनलचा नंबर, मग मेनूतलं १०८०आय, आणि एवढं करूनही फरक दिसला नाही तर कंपनीला सोडू नका, परत पत्र लिहा, मीही तुमच्या बाजूने लिहीन.

आपला,
डिश-टीव्ही बसवणारा एक वाचक,
मिरज, जि. सांगली